चढणीचा मासा

आमच्या कोकणात मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की रात्री ओढ्याच्या काठी बत्त्या पेटत. ओढ्याचे पाणी काठ सोडून शेतात शिरे आणि त्या धावत्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढू लागत. हे चढणीचे मासे. कुलाब्याकडे त्यांनाच वलगणीचे मासे म्हणतात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. इरले पांघरून आबाकाकांच्या मागे मी बांधावर उभा राही. घोटाभर पाणी, त्यात लव्हाळे आणि दगड. पण पाठ उघडी पडली तरी मासा अंग घासत पुढे जायचाच. एका रात्री मी विचारले, "काका, कुणी पकडलेच नाहीत, तर हे कुठवर चढतील? घाट ओलांडून देशावर जातील?"

काका हसले. म्हणाले, "अरे, मासा कधी डोंगर ओलांडतो काय?"

काका हयात असते, तर आज मी त्यांना नम्रपणे सांगितले असते, की ओलांडतो. निदान एकदा तरी ओलांडला आहे. आणि तोही सह्याद्रीसारखा नव्हे, तर एका अवघ्या खंडाचा कणा असलेला पर्वत. ती हकीकत या दिवाळीत वाचकांना सांगावी असे मनात आहे.

महाबळेश्वरी पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात, हे आपण शाळेत शिकलो. एक वाटा सावित्रीबरोबर अरबी समुद्रास मिळतो, दुसरा कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे जातो. उत्तर अमेरिकेत हीच वाटणी रॉकी पर्वत करतो. त्याच्या पश्चिमेचे पाणी पॅसिफिक महासागराला जाते, पूर्वेचे अटलांटिकला. या पर्वताच्या कुशीत, सुमारे ७,७०० फूट उंचीवर, यलोस्टोन नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. त्यातून निघणारी नदी मिसूरीला, मिसूरी मिसिसिपीला आणि मिसिसिपी मेक्सिकोच्या आखाताला मिळते. म्हणजे हे सरोवर अटलांटिकच्या बाजूचे.

पण सरोवराखाली थोड्याच अंतरावर नदी दोन प्रचंड उड्या घेते. पहिली १०९ फुटांची, दुसरी ३०८ फुटांची. ३०८ फूट चढून जाणारा मासा ब्रह्मदेवाने घडवलेला नाही. मग सरोवरात मासे नसावेत. प्रत्यक्षात मात्र तेथे ट्राउट जातीचे मासे अगणित होते. गळ्यावर तांबडी रेघ असल्यामुळे इंग्रजीत त्याला गळाकापू अशा अर्थाचे नाव पडले आहे. आपण त्याला तांबडगळ्या म्हणू. त्याला थंड, स्वच्छ, वाहते पाणी लागते. आणि विशेष हे, की त्याचे सगेसोयरे पर्वताच्या पलीकडे, पॅसिफिकला जाणाऱ्या स्नेक नदीत होते.

बरे, हा मासा तेथे अनादि काळापासून असेल म्हणावे, तर तेही शक्य नव्हते. शेवटच्या हिमयुगात हा सारा प्रदेश बर्फाखाली गाडला होता. आज जेथे सरोवर आहे, तेथे सुमारे ४,००० फूट जाडीचा बर्फ होता. तो वितळून सरोवर मोकळे झाले, त्याला फार तर चौदा हजार वर्षे झाली. म्हणजे तांबडगळ्या त्यानंतर आला. पण कोणत्या वाटेने?

ती वाट प्रथम एका अडाणी माणसाने सांगितली. जिम ब्रिजर हा रानोमाळ भटकणारा शिकारी. एक ओढा डोंगरमाथ्यावर दुभंगतो, त्याचे अर्धे पाणी एका महासागराला आणि अर्धे दुसऱ्याला जाते, असे तो सांगे. ब्रिजर थापाड्या म्हणून प्रसिद्ध होता, त्यामुळे लोकांनी हीही थाप समजून सोडून दिली. पुढे १८७३ साली कॅप्टन जोन्स यांची तुकडी त्या खिंडीतून गेली, तेव्हा कळले की थापाड्याने या वेळी खरे सांगितले होते! ८,००० फुटांहून उंच असलेल्या त्या खिंडीचे नावच दोन महासागरांची खिंड. तेथे एक लहानसा ओढा एका ठिकाणी दोन फाट्यांत विभागतो. आज तेथे एक पाटी आहे: एकीकडे पॅसिफिक १,३५३ मैल, दुसरीकडे अटलांटिक ३,४८८ मैल.

१८९१ साली बार्टन एव्हरमन हे मत्स्यशास्त्रज्ञ मुद्दाम ही खिंड पाहण्यास गेले. सपाट, पाणथळ कुरण. त्यातून दोन्ही बाजूंना वाहणारे ओहोळ. मध्ये ना धबधबा, ना कडा. स्नेक नदीकडून चढत आलेला ट्राउट येथून सहज पलीकडे उतरू शकतो, असा निर्वाळा त्यांनी दिला. बर्फ वितळून सगळीकडे पाणीच पाणी झाले, तेव्हा तर ही वाट आणखी रुंद असली पाहिजे. वाचताना मला आमच्या शेतातला बांध आणि घोटाभर पाणी आठवले.

या शोधामागे गुरुशिष्यांची एक परंपराही आहे. एव्हरमन यांचे गुरू डेव्हिड स्टार जॉर्डन. त्यांनी १८८९ साली यलोस्टोनची पाहणी केली आणि धबधब्यांवरची कितीतरी तळी मासळीवाचून रिकामी असल्याची नोंद केली. जॉर्डन यांनी १८७३ च्या उन्हाळ्यात ज्यांच्यापाशी धडे घेतले, ते लुई अगासी. अगासी मूळचे स्वित्झर्लंडचे. एकेकाळी पृथ्वीचा मोठा भाग बर्फाखाली होता, हे १८३७ साली छातीठोकपणे सांगणारे ते हेच. आणि माशांच्या जीवाश्मांवरचा त्यांचा ग्रंथही जगन्मान्य. म्हणजे बर्फ आणि मासे या दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या कमरेला होत्या. पण जो प्राणी जेथे आहे तेथेच ईश्वराने तो निर्माण केला, ही त्यांची श्रद्धा अखेरपर्यंत ढळली नाही. म्हणून मासा प्रवास करून आला, हे त्यांना दिसलेच नाही. कुलूप उघडले ते शिष्यांनी.

आपल्याकडेही असा विचार झाला आहे. हिमालयाच्या ओहोळांतले काही मासे पश्चिम घाटाच्या ओहोळांतल्या माशांसारखे कसे, या कोड्याचे उत्तर डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या चाळिशीत सुचवले: ते सातपुड्याच्या वाटेने आले, आणि हिमयुगातील हवामानाने त्यांना मदत केली. आज सर्वच शास्त्रज्ञांना ते मान्य नाही. पण आपल्या सातपुड्यावरून मासे चालत आले असतील, या कल्पनेने मला बालपणीचा आनंद होतो.

येथवर कथा गोड आहे. आता कडू भाग.

त्याच अमेरिकेत ईशान्येकडे लेक ट्राउट नावाचा दुसरा एक थंड पाण्याचा मासा आहे. हिमयुगात तो बर्फाच्या कडेकडेने, मिसिसिपीच्या खोऱ्यात, अटलांटिकच्या बाजूला आणि वायव्येकडे जीव धरून राहिला. बर्फ मागे सरला, तसतशी त्याच्या पायाशी वितळलेल्या पाण्याची अफाट सरोवरे साचली. त्यांतले सर्वात मोठे आज नाहीसे झाले आहे. त्याला अगासी यांचेच नाव दिले गेले. या सरोवरांतून पोहत लेक ट्राउट मिशिगनसारख्या महासरोवरांत पोचला. तोही चढणीचाच मासा म्हणायचा.

१८९० साली सरकारी मत्स्यखात्याने यलोस्टोन भागातल्या दोन रिकाम्या तळ्यांत मिशिगनकडचे लेक ट्राउट नेऊन सोडले. हेतू वाईट नव्हता. प्रवाशांना गळ टाकण्याची मौज मिळावी, एवढाच. शंभर वर्षे ते तेथेच राहिले. पण १९९४ साली एक लेक ट्राउट यलोस्टोन सरोवरात गळाला लागला. माशांच्या कानातल्या हाडाची परीक्षा करून शास्त्रज्ञांनी ठरवले, की १९८० च्या दशकात कुणीतरी ते शेजारच्या लुइस तळ्यातून आणून सोडले असावेत. कुणी, ते आजतागायत कळलेले नाही.

एक मोठा लेक ट्राउट वर्षाला सुमारे ४० तांबडगळे खातो. एका ओढ्यात अंडी घालण्यास १९७८ साली ७०,००० हून अधिक तांबडगळे चढले होते. २००७ साली ६०० देखील आले नाहीत. ओढ्यांत चढणाऱ्या माशांवर अस्वले आणि मीनगरुड जगत. लेक ट्राउट राहतो खोल पाण्यात, अंडीही तेथेच घालतो, त्यामुळे तो त्यांच्या हाती लागत नाही. आज तेथे बर्फ फुटल्यापासून शरदापर्यंत होड्या जाळी टाकतात. ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले गेले, आणि तांबडगळ्या पुन्हा थोडा सावरू लागला आहे.

दैवाचा खेळ असा, की मिशिगन सरोवरात, लेक ट्राउटच्या माहेरी, उलटे घडले. नायगाराचा धबधबा टाळण्यासाठी माणसाने कालवा खणला. त्या वाटेने लॅम्प्री नावाचा रक्तपिपासू मासा आत शिरला आणि १९५० च्या दशकापर्यंत मिशिगनचा लेक ट्राउट संपला. पुढे त्याचे बी पुन्हा रुजवण्यास उपयोगी पडले, ते लुइस तळ्यातले वंशज! जो एका घरी चोर, तोच दुसऱ्या घरी हरवलेला लेक.

हे वाचले, तेव्हा मला माझा एक जुना अपराध आठवला. त्याच पावसाळ्यात मी कळशीतून चार मासे नेऊन आमच्या विहिरीत सोडले होते. काकांनी ते पाहिले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "पाण्याने आणले असते, तर कुणी काही विचारले नसते. तू आणलेस, म्हणजे आता तू लक्ष ठेव." माझे मासे आठ दिवसांत मेले आणि प्रकरण मिटले.

काकांना खिंडीची माहिती नव्हती. पण यलोस्टोनच्या होडीवाल्यांना जे आज दर उन्हाळ्यात करावे लागते आहे, ते त्यांनी मला त्या दिवशी विहिरीच्या काठावर सांगून ठेवले होते.