सेंट पीटर चर्च, बार्टन-अपॉन-हंबर

इंग्लंडमधील लिंकनशर परगण्याच्या उत्तर टोकाला, हंबर खाडीच्या दक्षिण काठावरील बार्टन गावचे जुने पॅरिश चर्च. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीची वास्तू ओळखायची कशी, याचा पहिला भक्कम पुरावा इंग्लंडच्या अभ्यासकांना इथे मिळाला. त्यामुळे या चर्चचे मोल त्याच्या आकाराहून कितीतरी मोठे आहे.

पश्चिमेचा मनोरा पाहण्यासारखा आहे. त्याचे खालचे दोन टप्पे दहाव्या शतकाच्या अखेरचे. डबराच्या भिंतींवर दगडी पट्ट्या उभ्या बसवून खालच्या ओळीत त्यांना अर्धगोल कमानींनी, तर वरच्या ओळीत त्रिकोणी कमानींनी जोडले आहे. सुताराने लाकडी चौकट जुळवावी, तसे हे दगडकाम दिसते. सर्वांत वरचा, घंटांचा टप्पा मात्र साधा आहे. तो अकराव्या शतकात चढवला गेला. इंग्रजी वास्तुशैलींचे वर्गीकरण रूढ करणारा वास्तुविशारद टॉमस रिकमन याने १८१९ मध्ये नेमका हा फरक हेरला. वरचा टप्पा सुरुवातीच्या नॉर्मन घडणीचा असेल, तर त्याचा भार वाहणारे वेगळ्याच घडणीचे टप्पे त्याआधीचे, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळचे असणार. तर्क साधा, पण कागदोपत्री तारखेचा आधार नसतानाही टिकणारा.

मूळ चर्च अगदी लहान होते. आज मनोऱ्याचा तळमजला वाटतो, तेच त्याचे मुख्य दालन. पूर्वेला वेदीची खोली आणि पश्चिमेला बाप्तिस्म्याची. पश्चिमेची खोली अजून उभी आहे. पूर्वेची अकराव्या शतकात पाडून तिथे मोठे दालन बांधले गेले. तेराव्या-चौदाव्या शतकांत त्याला बाजूची दालने जोडली गेली आणि पंधराव्यात वरच्या खिडक्यांची रांग आली. पाडलेल्या खोलीचा पाया उत्खननात सापडला.

जवळच सेंट मेरीचे चर्च असल्याने १९७२ मध्ये सेंट पीटरमधील नित्य उपासना थांबली, आणि त्यामुळेच सखोल उत्खननाची दुर्मिळ संधी मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात वॉरिक रॉडवेल यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २,८०० दफने तपासली गेली. ओलसर जमिनीमुळे काही लाकडी शवपेट्याही टिकून होत्या. जवळजवळ नऊशे वर्षांच्या एकाच गावाच्या या अस्थींतून तिथल्या माणसांचे आजार आणि आयुष्य अभ्यासता आले. अभ्यासानंतर अस्थी याच चर्चमध्ये परत आणून ठेवल्या आहेत. वास्तूची देखभाल इंग्लिश हेरिटेज ही संस्था करते.