खर्जाचा कारभार

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा गळ्याचा इतिहास लिहितात. कोणत्या गवयाची तान कशी होती, कोणत्या घराण्यानें कोणता राग कसा मांडला, ह्याविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु ज्या स्वरावर हें सर्व उभें असतें त्या खर्जाच्या वांट्याला दोन ओळी आल्या तरी खूप. वास्तविक 'खर्ज' हें 'षड्ज' ह्याच शब्दाचें बोलींत घडलेलें रूप आहे. सर्व स्वरांचें मूळ जो सा, त्याचेंच नांव लोकांनीं सर्वांत खालच्या आवाजाला दिलें. ह्यांत लोकांची समज पंडितांपेक्षां कमी होती असें आम्हांस वाटत नाहीं. तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची पितळेची जाड तार खर्जाची. तिच्याकडे मुद्दाम कान देऊन कोणी श्रोता बसत नाहीं. पण ती उतरली कीं गवई थांबतो.

ह्या खर्जाच्या इतिहासांतील एक अगदीं अलीकडचा, आणि आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना परका वाटेल असा, भाग आम्ही येथें घेणार आहों. नागपुरांत जरीपटका भागांत राहणाऱ्या एका महाविद्यालयीन तरुणानें मध्यंतरीं आम्हांस विचारलें, कीं बेस गिटारीसाठीं प्रीअ‍ॅम्पचें पेडल घ्यावयाचें आहे. तें कॉम्प्रेसर असलेलें घ्यावें कीं नसलेलें? बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, साध्या गिटारीहून एक सप्तक खालीं बोलणारी विजेची गिटार. प्रीअ‍ॅम्प म्हणजे तिच्यांतून निघालेला क्षीण प्रवाह मोठ्या वर्धकाकडे जाण्यापूर्वीं सबळ करून त्याला वळण देणारी पेटी. आणि कॉम्प्रेसर म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबून लहानमोठ्यांतलें अंतर कमी करणारी योजना. पेटी जमिनीवर ठेवून पायानें चालू-बंद करतात म्हणून तिला पेडल म्हणावयाचें, इतकेंच. प्रश्न दुकानाचा दिसला, तरी त्याच्या पोटांत शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि घरच्या शिलकेंतून पैसे मागून घेणाऱ्या तरुणाला तो ठाऊक असणें बरें.

जरीपटका हें नांवही ह्या विषयास अगदींच विजोड नाहीं. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेचें भरजरी निशाण, आणि निशाण व नौबत हे मान जुन्या काळीं जोडीनें उच्चारले जात. धुळींत निशाण दिसेनासें झालें तरी नगारा ऐकूं येतो, ह्याचें कारण असें कीं खालचा आवाज हवेंत कमी शोषला जातो आणि आडव्या आलेल्या वस्तूंना वळसा घालून पुढें जातो. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें ह्या भागांत वसलीं आणि जरीपटका ही नागपुरांतील सिंधी समाजाची मुख्य वस्ती झाली. त्यांनीं मागें सोडलेल्या भूमींत शाह अब्दुल लतीफ ह्या अठराव्या शतकांतील संतकवीचा दंबूरा आहे. त्याला पांच तारा. पांचवी तार शाह लतीफ ह्यांनींच वाढविली असें परंपरा मानते. जरीपटक्याला लागूनच इंदोरा. तिकडच्या सभांतून भीमगीतें गाइलीं जातात. वामनदादा कर्डकांच्या पिढीनें डफ-तुणतुण्यावर भागविलें. आजच्या कार्यक्रमांत तें काम कीबोर्ड, ढोलक आणि बेस गिटार करतात. म्हणजे आमच्या तरुणाच्या घराभोंवतीं खर्जाला तोटा नव्हता. यंत्राशीं त्याची गांठ कशी पडली तेवढें सांगावयाचें राहिलें.

ती गांठ प्रथम पडली ग्रामोफोनच्या शिंगाशीं. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि हिंदी गाणें तबकडीवर उतरूं लागलें. त्या वेळीं विजेचा संबंध नव्हता. गवयानें शिंगांत तोंड घालून गावयाचें; त्या हवेच्या धक्क्यानें पडदा हालावयाचा आणि सुईनें मेणावर रेघ ओढावयाची. दर सेकंदास सुमारें दोनशें कंपनांच्या खालचे स्वर ह्या व्यवस्थेंत फारसे उमटतच नसत. काळी एकच्या पट्टींत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाचीं कंपनें सेकंदास सुमारें ६९ भरतात. तेव्हां त्या तबकड्यांवर खर्जाचे वरचे उपस्वर थोडेफार आले, मूळ स्वर आला नाहीं. जुन्या तबकड्या ऐकून 'पूर्वीच्या गायकांचे आवाज किनरे होते' असें मत देणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. दोष बव्हंशीं गळ्याचा नसून शिंगाचा होता.

१९२५ सालीं मायक्रोफोनच्या साहाय्यानें विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि खर्जाला दार उघडलें. पण दार उघडतांच नवी अडचण उभी राहिली. खालच्या स्वरास सुई फार मोठे हेलकावे घेते. एका रेघेची सुई शेजारच्या रेघेंत शिरते. म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनीं खालचे स्वर मुद्दाम क्षीण करून कोरले आणि वाजविणाऱ्या यंत्रानें ते पुन्हा वाढवून घ्यावे अशी तोड काढली. प्रत्येक कंपनीचें प्रमाण निराळें असल्यामुळें बराच गोंधळ झाला. तो १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-संघानें एक प्रमाण ठरविल्यावर मिटला. प्रीअ‍ॅम्प ह्या पेटीचें मूळ येथेंच आहे: क्षीण झालेला स्वर त्याच्या योग्य मापानें परत उभा करणें.

दुसरी अडचण लहानमोठ्या आवाजाची. लाखेच्या तबकडीवर खालीं सुईची खरखर आणि वर रेघेची मर्यादा; ह्या दोहोंमध्यें तीस-चाळीस डेसिबलांपुरतीच जागा. रेडिओला तर ही मर्यादा फारच जाचक होती. मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं निघालें, नागपूरचें १९४८ सालीं. प्रक्षेपणयंत्रावर मोठा आवाज मापाबाहेर गेला तर नुसता कर्कशपणा येतो एवढेंच नव्हे, शेजारच्या लहरींतही उपद्रव होतो. प्रारंभीं हें सांभाळण्यासाठीं एक माणूस बटणावर हात ठेवून बसे आणि गवई जोरांत येणार असें वाटलें कीं बटण मागें घेई. गाणें जाणणारा माणूस असला तर हें काम उत्तम होई. नसला तर नेमक्या समेवर आवाज खालीं बसे. १९३० नंतरच्या दशकांत हा हात यंत्राला देण्यांत आला. तोच कॉम्प्रेसर.

त्याची रीत एका उदाहरणानें कळेल. एक उंबरठा ठरवावयाचा. आवाज उंबरठ्याच्या आंत असेपर्यंत यंत्र स्वस्थ बसतें. त्यावर तो ८ डेसिबल चढला आणि प्रमाण चारास एक असें ठेवलेलें असलें, तर बाहेर २ डेसिबलच चढतो. किती लवकर दाबावें आणि किती वेळानें सोडावें हेही ठरवावें लागतें, आणि सगळी खुबी ह्या दोन गोष्टींत आहे. अमेरिकेंतील जेम्स लॉरेन्स नांवाच्या कारागिरानें १९६० नंतरच्या दशकांत एक कॉम्प्रेसर काढला, त्यांत आवाजाच्या जोरानें एक दीपपट्टी कमीजास्त उजळे आणि तिच्यासमोर ठेवलेला प्रकाशग्राही रोधक त्या मानानें आवाज दाबी. प्रकाशग्राही रोधकाच्या मंद चालीमुळें हें दाबणें कानाला टोंचत नसे. पुढें १९६७ सालीं बिल पुटनम ह्यांनीं ट्रान्झिस्टरावर चालणारा, सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी वेळांत झडप घालणारा कॉम्प्रेसर आणला. आजच्या पेडलांतील कांहीं कॉम्प्रेसर ह्या दोन घराण्यांपैकीं एकाचें नांव सांगतात.

आतां गिटारीकडे वळूं. जाझच्या वाद्यवृंदांत खर्जाचें काम उभा, माणसाहून उंच डबल बेस करी. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३० नंतरच्या दशकांत जे वाद्यवृंद वाजले, ज्यांच्या सहवासांत चिक चॉकलेट ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या आल्दोन्याच्या आंतोनियु वाज ह्यांच्यासारखे गोमंतकीय वादक तयार झाले, त्यांतही हाच डबल बेस असे. तो पितळी वाद्यांच्या गजरांत ऐकूं येत नसे, ही त्याची जुनी तक्रार. १९३० नंतरच्या दशकांत सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क ह्यांनीं विजेची लहान बेस गिटार बनविली, पण ती चालली नाहीं. १९४६ च्या सुमारास एव्हरेट हल ह्यांनीं डबल बेसच्या पायाच्या खुंटींत आवाज टिपणारें साधन बसविलें. त्यावरूनच 'अ‍ॅम्पेग' हें नांव पडलें. मग १९५१ सालीं लिओ फेंडर ह्यांनीं पडदे असलेली, बोट ठेवतां क्षणीं नेमका स्वर देणारी गिटार बाजारांत आणली आणि तिचें नांवच 'प्रिसिजन' ठेवलें. मुंबईच्या चित्रपट-संगीतांत राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यमेळांत टोनी वाज ह्यांची बेस गिटार ज्यांनीं नकळत ऐकली नाहीं असें मराठी घर विरळा. वादकाचें नांव मात्र त्यांतल्या शंभरांत एकालाही सांगतां यावयाचें नाहीं. त्याच वाद्यवृंदांतून बेस वाजविणारे चरणजित सिंग ह्यांनीं १९८२ सालीं बेस वादकाची जागा घेण्यासाठीं निघालेल्या जपानी रोलंड यंत्रावर राग वाजवून तबकडी काढली. ती त्या वेळीं कोणी विचारली नाहीं. पुढें पंचवीसेक वर्षांनीं युरोपांत तिचा बोलबाला झाला.

बेस गिटारीला कॉम्प्रेसर कां लागतो, हें आतां सहज कळेल. तिची सर्वांत खालची तार सेकंदास ४१ कंपनें करते, सर्वांत वरची ९८. बोटाचा जोर तोच असला तरी दोन तारांचा आवाज सारखा येत नाहीं. शिवाय अंगठ्यानें आपटून वाजविण्याची रीत आल्यापासून एक स्वर दुसऱ्याच्या चौपट मोठा निघतो. १९८९ सालीं न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टा ह्यांनीं 'सॅन्सअ‍ॅम्प' काढला आणि १९९२ सालीं त्याचें बेससाठींचें रूप आलें, तेव्हांपासून वादक जड वर्धक न उचलतां लहानशी पेटी घेऊन सभागृहाच्या ध्वनियंत्रणेला थेट जोडला जाऊं लागला. वर्धक गेला आणि त्याच्या नळ्यांनीं व कर्ण्यांनीं आपोआप होणारें दाबणेंही गेलें. तें पेडलांत परत घालण्याची बुद्धि कांहीं कारखानदारांना झाली. इंग्लंडच्या ट्रेस इलियटनें तर आपल्या वर्धकांत खालच्या आणि वरच्या स्वरांस निरनिराळा कॉम्प्रेसर देण्याची रीत पूर्वींच पाडली होती. ईडनच्या एका लहान पेडलांतही प्रीअ‍ॅम्प व कॉम्प्रेसर एकत्र येतात. उलट एम.एक्स.आर. सारखे कारखाने बेसचा कॉम्प्रेसर स्वतंत्र विकतात.

तर ह्यांपैकीं काय घ्यावें? आमचें मत सरळ आहे. शिकत्या वादकानें कॉम्प्रेसरच्या लोभानें पेडल निवडूं नये. बोटांचा विषमपणा यंत्र झांकतें, आणि झांकलेला दोष सुधारत नाहीं. परंतु कार्यक्रम करणाऱ्यास एकच पेटी सोयीची असते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. अशी पेटी घेतांना पहिली परीक्षा ही, कीं कॉम्प्रेसर पूर्ण बंद करतां येतो काय. दुसरी, तो किती दाबतो आहे हें सांगणारा दिवा आहे काय. कारण एकच बटण असलेल्या कॉम्प्रेसरांत उंबरठा, प्रमाण आणि वेळ हीं तीन्ही आंतल्या आंत ठरलेलीं असतात आणि दिव्यावांचून वादक आंधळा असतो. तिसरी परीक्षा खालच्या तारेवर करावी. ४१ कंपनांच्या स्वराचें एक आवर्तन पुरें होण्यास सुमारें २४ सहस्रांश सेकंद लागतात. त्याहून लवकर धरून सोडणारा कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेलाच दाबूं पाहतो आणि स्वर फाटतो. वरच्या तारेवर गोड वाटलेली पेटी येथें उघडी पडते. आणखी, कॉम्प्रेसर स्वरवळणाच्या बटणांच्या आधीं आहे कीं नंतर, तें विचारावें. नंतर असला तर खालचे स्वर वाढविले कीं तेच उंबरठा ओलांडून सगळें वादन खालीं ओढतात, आणि वादकास वाटतें कीं बटण बिघडलें.

हिंदुस्थानांत एक विशेष अडचण आहे, ती परदेशी माहितीपत्रकांत आढळत नाहीं. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ कंपनांचा. म्हणजे मंडपांतील सदोष जोडणीचा गुणगुणाट नेमका एका खर्ज स्वराच्या मांडीवर येऊन बसतो. आणि कॉम्प्रेसर मोठे स्वर दाबून पुढें एकूण आवाज वाढवीत असल्यामुळें तो गुणगुणाट शांततेंत अधिकच वर येतो. ह्याकरितां ध्वनियंत्रणेकडे जाणाऱ्या तीन खिळ्यांच्या वाटेवर 'ग्राउंड लिफ्ट' ही कळ असलीच पाहिजे. ती नसली म्हणून विजेच्या प्लगचा मातीचा खिळा काढून टाकणारे वादक आम्हीं पाहिले आहेत. गुणगुणाट थांबतो खरा, पण हातांत लोखंडी तारा असतांना हा प्राणाशीं खेळ आहे.

राहतां राहिला शेजार. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण-नियमांनीं वसतीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास सामान्यतः बंदी आहे. पण हें मोजमाप मानवी कानाच्या ग्रहणशक्तीस धरून केलेलें असल्यामुळें ५० कंपनांचा स्वर त्यांत सुमारें ३० डेसिबलांनीं कमी धरला जातो. आंकडा मर्यादेंत राहतो आणि शेजारच्या खिडकीचीं तावदानें थरथरतात. त्यांत कॉम्प्रेसर शिखर न वाढवितां सरासरी आवाज वाढवितो, म्हणजे तावदानांना उसंत नाहीं. जरीपटक्यासारख्या दाट वस्तींत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत, सराव बहुधा रात्रीं जेवणें आटोपल्यावरच होणार. तेव्हां घेतलेल्या पेटीला हेडफोन लावण्याची खोबण आहे कीं नाहीं, हें दुकानांतच पाहून घ्यावें.