भट्टी पेटण्यापूर्वी : गीसेनच्या प्रयोगशाळेतील तयारी

बारावीला अज्ञात क्षार ओळखण्यासाठी जो गटवार तक्ता पाठ करावा लागतो, त्याच्या प्रसारामागे एका विद्यार्थ्याने स्वतःसाठी केलेली टिपणे आहेत. त्यांचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे, गीसेन या लहानशा जर्मन विद्यापीठनगरीत जावे लागते.

त्या काळी रसायनशास्त्र शिकणे म्हणजे बहुधा प्राध्यापकांचे प्रयोग बाकावर बसून पाहणे. खुद्द युस्टुस लीबिग यांना पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक यांच्या खासगी प्रयोगशाळेत काम करता आले, ते हुम्बोल्ट यांनी शब्द टाकल्यामुळे. १८२४ मध्ये, २१व्या वर्षी, लीबिग गीसेनला प्राध्यापक झाले आणि एका जुन्या लष्करी इमारतीत विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. (असे करणारे ते पहिले, ही समजूत मात्र चुकीची. गोटिंगेनला श्ट्रोमायर यांनी त्याआधीच विद्यार्थ्यांना प्रयोगाला लावले होते.)

नवशिक्यांना साहाय्यक शिकवीत. पुढच्या विद्यार्थ्यांना मात्र रोज सकाळी लीबिग यांच्यापुढे उभे राहून काल काय केले आणि हातातल्या कामाविषयी आपले मत काय, हे सांगावे लागे. ते संमती देत किंवा आक्षेप घेत. वाट ज्याची त्याने शोधायची.

ही कडक शिस्त हौसेपोटी नव्हती. सेंद्रिय पदार्थातील कार्बन व हायड्रोजन मोजण्यासाठी तो कॉपर ऑक्साइडबरोबर जाळीत. निघालेले पाणी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडे आणि कार्बन डायऑक्साइड लीबिग यांच्या १८३१ च्या, पाच फुग्यांच्या काचेच्या उपकरणात शोषला जाई. दोहोंचे वजन आधी आणि नंतर घ्यायचे. आधीचे राहिले, की सारी मेहनत वाया. कॉपर ऑक्साइड तापवून कोरडे केलेले नसेल, तर त्याने हवेतून ओढलेला ओलावाही हायड्रोजनच्या खात्यात जमा होई. असे चुकलेले उत्तर दिसायला मात्र अगदी सुबक असे.

१८४० मध्ये बॉन विद्यापीठात आलेल्या कार्ल रेमिगिउस फ्रेझेनियुस यांनी विश्लेषणाच्या पायऱ्या स्वतःच्या उपयोगासाठी लिहून काढल्या : कोणता अभिकर्मक आधी घालायचा, अवक्षेप आला तर पुढे काय, न आला तर काय. गटवार मांडणी हाइनरिश रोझ यांच्या ग्रंथात आधीच होती. फ्रेझेनियुस यांनी नेहमी भेटणारीच मूलद्रव्ये निवडून ती नवशिक्याला पेलेल अशी केली. १८४१ मध्ये हे टिपण पुस्तकरूपाने छापले गेले. त्याच सुमारास ते गीसेनला जाऊन लीबिग यांचे साहाय्यक झाले.

पुस्तक इंग्रजीसह अनेक भाषांत गेले. परिणाम दुहेरी झाला, हे नोंदवायला हवे. एकाने विचार करून आखलेला क्रम पुढच्या पिढ्यांना आयता मिळाला, आणि तो न समजताही क्षार ओळखणे शक्य झाले. फ्रेझेनियुस यांनी १८४८ मध्ये वीसबाडेनला स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या काढत राहिले.