गायरान कुणी खाल्लं?

धनगरांच्या मेंढरांनी रान उजाड केलं, हा आरोप आजही ऐकू येतो. आम्ही विचारतो, रान होतं कुणाच्या ताब्यात?

दख्खनी मेंढी विकतच्या चाऱ्यावर जगणारी नाही. सुकं गवत, बाभळीच्या शेंगा, कापणीनंतरची धसकटं खाऊन ती मैलोन्‌मैल चालते. दिवाळीच्या सुमारास वाडे घाट उतरून कोकणात जायचे, पावसाआधी परतायचे. रात्री शेतात मेंढरं बसवली की जमिनीला लेंडीखत मिळे. त्याबद्दल शेतकरी धान्य देई. कळप एका जागी ठरत नसल्यानं गवतालाही उसंत मिळे. ज्यांना अडाणी म्हटलं त्यांचं हे शास्त्र. (घोंगडी तर सगळ्यांनाच हवी होती!)

मग १८७८ चा वन कायदा आला. राखीव जंगलात परवान्याशिवाय चराई हा गुन्हा ठरला. पुढे १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याला नेमकं धरलं. गोऱ्या साहेबाबरोबर त्याच्या हाताखालच्या भट कामगारालाही त्यांनी सोडलं नाही.

१९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह करून पडीक सरकारी जमीन मागितली. आता गावातला बागायतदार मेंढपाळाला सांगतो, ‘तुमचं कुरण बौद्धांनी घेतलं.’ वा रे न्याय! भूमिहीन बौद्धाकडं सातबारा नाही, फिरत्या मेंढपाळाकडंही नाही. मग गायरानाच्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे, त्याचा बांध दरवर्षी कुठल्या बाजूला सरकतो? मोजणी तिथून सुरू करा.