मनोऱ्यासमोरचा मठ

सहलीत जुन्या गोव्याला गेलो, तेव्हा आपण सगळ्यांनी संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याखाली फोटो काढले होते. रस्त्यापलीकडची तीन मजली इमारत कुणाच्या यादीत नव्हती. ते सांता मोनिका कॉन्व्हेंट. इतिहासाची गोडी पुढे वाढली, तसा मी तिथे पुन्हा पुन्हा जाऊ लागलो.

आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांनी १६०६ साली हा ननांचा मठ सुरू केला. बांधकाम १६२७ मध्ये संपले. १६३६ च्या आगीनंतर तो लगेच पुन्हा उभारला. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, बाहेरून त्यांना दिलेले भक्कम टेकू, आत मोकळा चौक. पण मला खरे नवल वाटते ते चर्चच्या दाराचे. ते समोर नाही, बाजूच्या लांब भिंतीत आहे! एरवी जिथे मुख्य दार असते, ते टोक ननांसाठी राखलेले. त्या जाळीआडून प्रार्थना करत. एकदा व्रत घेतले की बाहेरच्या जगाला त्यांचा चेहरा दिसायचा नाही. वास्तूच अशी रचली, की नियम वेगळा सांगायला नको.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले पुरुषांचे मठ बंद केले. समोरचा ऑगस्टिनियन मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोराही गेला. ननांना मात्र राहू दिले. अट एकच: नवीन कुणाला घ्यायचे नाही. (पहिलीचा वर्ग भरेना म्हणून आपल्या शाळेत काय चालले आहे, ते मी इथे वेगळे लिहीत नाही.) शेवटची नन १८८५ मध्ये वारली. म्हणजे पन्नास वर्षे दर वर्षी कमी होत जाणाऱ्या बायकांनी एवढा मोठा वाडा राखला. झाडलोट, गळती, दिवाबत्ती करणारे हात होते, म्हणूनच तो समोरच्यासारखा ढासळला नाही, असे माझे मत आहे. त्यांची नावे कुठल्या फलकावर मला दिसली नाहीत.

१९६४ पासून तिथे सिस्टरांसाठी मातेर देई ही शिक्षणसंस्था आहे. चर्चच्या भागात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. दुरुस्तीनंतर ते २०२२ मध्ये पुन्हा उघडले. जाल तेव्हा घाई करू नका. आणि दार बाजूने आहे.