नदी बदलली कीं वर्ष वाईट?

१९२६ सालीं ओरिसांतील ब्राह्मणी नदीला भयंकर पूर आला. इंजिनियरांच्या समितीनें मत दिलें, कीं नदीचा तळ कित्येक फूट वर आला आहे. सबब बांधही तितकेच उंच केले पाहिजेत. म्हणणें पटण्यासारखें होतें. ज्याच्या उंबऱ्याला पाणी लागलें, त्याला ‘पूर्वीं असें होत नसे’ असेंच वाटावयाचें.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं सुमारें साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या, आणि तळ मुळींच वर आलेला नाहीं असें दाखविलें. बांध चढवीत बसण्यापेक्षां वरच्या अंगाला धरणें बांधून पुराचें पाणी अडवा, त्यांतून वीजहि काढा, असा त्यांचा सल्ला होता. महानदीसाठीं त्यांनीं मांडलेल्या हिशेबाचा धागा पुढें १९५७ मध्यें उद्घाटन झालेल्या हिराकूड धरणापर्यंत पोंचतो. न घडलेल्या बदलावर किती पैसा ओतला गेला असता, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

कालक्रमानें मांडलेल्या आंकड्यांच्या रांगेला कालश्रेणी म्हणतात. ती मध्येंच मोडली आहे काय, याची सर्वपरिचित कसोटी ग्रेगरी चौ यांनीं १९६० मध्यें दिली. सबंध श्रेणीला एकच नियम लावून पाहावा. मग ठराविक वर्षीं तिचे दोन तुकडे करून प्रत्येकाला निराळा नियम लावावा. तुकडे केल्यानें चूक थोडी कमी होणारच. ती निव्वळ योगायोगानें होईल त्याहून पुष्कळच कमी झाली, तर श्रेणी मोडली असें मानावें.

यांत एक मेख आहे. तें वर्ष आंकडे न पाहतां ठरलेलें असलें पाहिजे. आपण करतों नेमकें उलट: आलेख पाहतों, सर्वांत संशयास्पद वर्ष हेरतों आणि तेथेंच कसोटी लावतों! गांवांतील सर्वांत उंच गडी निवडून आणावा आणि त्याच्यावरून सारें गांव उंच म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. रिचर्ड क्वांट यांनीं १९६० मध्येंच सुचविलें, कीं प्रत्येक संभाव्य वर्षीं श्रेणी तोडून पाहावी व सर्वांत मोठें उत्तर घ्यावें. परंतु या निवडून काढलेल्या उत्तराला माप कोणतें लावावयाचें? तें डोनाल्ड अँड्र्यूज यांनीं १९९३ मध्यें पुरविलें. केवळ सरासरी बदलली काय, एवढाच प्रश्न असेल, तर ठरलेल्या वर्षासाठीं शेंकडा पांचच्या जोखमीला ३.८४ हा उंबरठा पुरतो. दोन्ही टोकांचीं शेंकडा पंधरा वर्षें सोडून मधलीं सर्व धुंडाळलीं, तर तो साडेआठाच्याहि वर जातो. शोधण्याची किंमत ती एवढी!

हा चढा उंबरठा ओलांडणारी नदीहि आहे, ती म्हणजे नाईल. आस्वान येथील १८७१ ते १९७० या शंभर वर्षांच्या नोंदींत १८९८ पर्यंत वर्षाला सरासरी सुमारें ११,००० कोटी घनमीटर पाणी वाहिलें. पुढें सरासरी ८,५०० कोटींवर आली. येथें मोड खरी, यांत शंका नाहीं. आस्वानचें जुनें धरण याच सुमारास बांधलें गेलें, म्हणून बोट तिकडे वळतें. पण धरण पुरें झालें १९०२ मध्यें, आणि पाणी घटलें १८९९ पासून. जॉर्ज कॉब यांनीं १९७८ मध्यें हीच श्रेणी पुन्हां हातीं घेतली, तेव्हां घटीच्या पुष्टीसाठीं त्यांनीं बोट दाखविलें तें उष्ण कटिबंधांतील पावसाच्या नोंदींकडे.