मिगवरचा रंग

माझा भाचा संगणकावर विमाने रंगवतो. खेळात उडणाऱ्या विमानाची कातडी शिंप्याने बेतलेल्या कापडासारखी सपाट उलगडलेली असते. तिच्यावर पत्र्यांचे सांधे, रिव्हेटांचे ठिपके, धुराचे ओघळ काढले की ती पुन्हा विमानावर चढते. परवा नवीन जालन्यातल्या घरी येऊन म्हणाला, "मामू, हे १९७१ चे मिग-२१." शेजारी अब्बा बसले होते. ट्रकांवर नावे अन् मोर रंगवण्यात त्यांची हयात गेली. पुढे स्टिकर आले आणि ब्रश वाळून गेले. त्यांनी चष्मा पुसून पाहिले. "इसकू अभी किसी का हात नई लगा."

खरेच होते. १९६३ मध्ये मिग-२१ आपल्या हवाई दलात आले, १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरचा, इंजिन कोरापुटचे, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादचे. त्या काळची मिग उघड्या धातूची, चांदीसारखी असत. लखलखणारे विमान उन्हात लांबूनही नजरेत भरते. म्हणून १९७१ च्या युद्धाच्या सुमारास तळांवरच हिरवे, तपकिरी पट्टे मारले गेले. ज्याला जसे सुचले तसे. त्यामुळे एका तुकडीचा नमुना दुसरीशी जुळत नाही. त्या १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ नीच रॉकेटे सोडली.

भाच्याने पंखाच्या कडेला तांबूस गंज काढला होता. सळ्यांच्या कारखान्यांच्या गावात वाढलेल्या पोराला गंज तांबडाच दिसणार! पण विमानाचा पत्रा बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. तिथे रंग झिजला की खालची चांदी उघडी पडते. कुठे झिजतो, ते अब्बांनी सांगितले. ट्रकचा रंग ड्रायव्हर हात टेकवून चढतो तिथे जातो. विमानाचा शिडी लागते तिथे जाणार. भाच्याने जुनी छायाचित्रे काढून पाहिली आणि गंज पुसला.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. त्यानंतर भाच्याचे काम वाढलेच.

अब्बा ट्रकच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपले नाव टाकत. तळावर ब्रश धरणाऱ्याचे नाव मिगवर कुठे दिसत नाही. भाचा म्हणाला, "नाना, शेपटीखाली तुमचे नाव टाकू?"

अब्बांनी मान हलवली. "वहाँ था क्या? नई था ना. तो नक्को."